गणपत फाटक आणि राइट आउट

आमच्या घरात सगळे मोठ्यानं बोलत. भांडण नसलं तरी शेजाऱ्यांना भांडण वाटावं, इतक्या मोठ्यानं. बाबा गिरणीच्या लूमखात्यात होते, आणि वर्षानुवर्षं त्या खात्यात उभं राहिलेल्या माणसाच्या कानात घरी आल्यावरही माग चालूच असतात. हळू बोललेलं त्यांना ऐकू येत नसे आणि स्वतः हळू बोलणं त्यांना जमत नसे. खात्यात तर ओरडूनही उपयोग नव्हता. तिथली माणसं एकमेकांचे ओठ पाहून बोलत. मायनं ती विद्या घरी बसल्याबसल्या शिकून घेतली होती, आणि तिच्याकडून ती मला आली; माझ्या धाकट्या बहिणीला, बेबीला, मात्र ती कधी नीट जमली नाही. पाहुणे असले की माय चुलीपाशी बसून नुसते ओठ हलवी, आणि बाबा ओसरीवरून ओरडून उत्तर देत, "अवं, साखर संपली तं गूळ टाक!" पाहुण्यांपासून लपवायची गोष्ट अशी हमखास पाहुण्यांना कळायची.

हिंगणघाटात तेव्हा दोन गिरण्या होत्या. एक आमची, स्टेशनच्या अंगाची. दुसरी वणा नदीच्या अंगाची. गाव त्यांना टेसनवाली आणि नदीवाली म्हणे, मीही तेच म्हणते. दोघींचे भोंगे वेगळे होते. आमचा घोगरा, सर्दी झालेल्या माणसासारखा. त्यांचा बारीक आणि लांबत जाणारा. पहाटे आधी त्यांचा वाजे, मग आमचा, आणि तेवढ्या फरकात माय चूल पेटवून बाबांच्या भाकरीचं पीठ मळायला घेई. भाकरी, तुरीच्या दाण्यांची आमटी नाहीतर अंबाडीची भाजी, वर मिरचीचा ठेचा. बाबा उभ्याउभ्याच खात. बसलो तर पुन्हा उठवणार नाही, असं म्हणत.

फुटबॉल आमच्या गावात कोणी आणला ते मला ठाऊक नाही. मला समजायला लागलं तेव्हा तो होताच, भोंग्यासारखा. दोन्ही गिरण्यांचे संघ होते, आणि साहेबलोकांना त्यांचा इतका अभिमान की कामठीहून आणि नागपूरहून खेळाडू आणून ठेवत. त्यांची नावं गिरणीच्या हजेरीत असत, पण खरं काम खेळण्याचं. दर हिवाळ्यात लीग चाले. पुलगावचा संघ येई, वर्ध्याहून रेल्वेचे गडी येत, पण शेवटी विजेत्याची ढाल कोणाची हे ठरायचं ते आमच्याच दोन गिरण्यांत. ज्या वर्षी ढाल नदीकडे गेली, त्या वर्षी आमच्या लाइनीतल्या, म्हणजे गिरणीच्या खोल्यांतल्या, माणसांनी नदीकडच्या न्हाव्याकडे दाढी करणं सोडलं होतं.

बाबा बाहेरून आणलेले नव्हते. ते लूमखात्यातले विणकर, आणि खेळत होते म्हणून खेळवले जात. कामठीचे खेळाडू सकाळी दूध-अंडी घेऊन मैदानावर पळत, तेव्हा बाबा मागांमध्ये उभे असत. पाळी सुटली की तसेच मैदानावर जात. केसांत, भुवयांत, कानांवर कापसाची भुरी असे, आणि ती घामानं चिकटून त्यांचं तोंड म्हाताऱ्यासारखं दिसे. लेफ्ट बॅकला खेळत. त्यांच्या बाजूनं कोणी पुढं जाऊ शकत नाही म्हणून लोकांनी त्यांना 'फाटक' नाव ठेवलं होतं, रेल्वेचं फाटक पडल्यावर गाड्या खोळंबतात तसं. आमचं आडनाव वेगळंच होतं, पण पोस्टमनसुद्धा गणपत फाटकाचं घर कोणतं असं विचारत यायचा.

मला त्यांचं खेळणं आठवतं त्याहून जास्त त्यांचं घरी येणं आठवतं. दाराच्या चौकटीला हात टेकून ते थोडा वेळ उभे राहत, जणू आत यायची ताकद गोळा करत आहेत. मग बाजेवर बसून पाय पुढं करत. बूट काढणं माझं काम होतं. उजव्या गुडघ्याला त्या काळी कायमची सूज असे. मी जवसाच्या तेलात लसणाच्या पाकळ्या तडतडवून आणी आणि माय ते तेल जिरवी. वरून आंबेहळदीचा लेप. घरात सदा लसूण-हळदीचा वास असे, बाळंतिणीच्या खोलीसारखा. माय चोळताना बोले, "ढाल साहेबाच्या टेबलावर राह्यते, अन् सूज माह्या घरात." बाबा डोळे मिटून पडलेले असत. त्यांना ते ऐकूच जात नसे, किंवा जात असेल.

माझा नातू आता टीव्हीवर परदेशातले सामने पाहतो. थकलेल्या खेळाडूला बाहेर घेतात, दुसरा आत जातो. बाहेर आलेल्याच्या खांद्यावर टॉवेल टाकतात, पाठ थोपटतात. मला दर वेळी त्याचं नवल वाटतं. आमच्या वेळी ती सोय नव्हती. अकरा गडी उतरले की तेच शेवटपर्यंत. कोणाचा पाय गेला तर त्यानं लंगडत कुठंतरी कडेला उभं राहायचं, पण राहायचं मैदानातच.

त्या वर्षी माझी सातवी होऊन दोन वर्षं झाली होती आणि घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं. शंकरमामा, मायचा भाऊ, नदीवाल्या गिरणीत होता. त्यानंच स्थळ आणलं. मुलगा त्याच्याच गिरणीत, कापडाच्या घड्या घालण्याच्या खात्यात. बाप नाही, घरी आई एकटी. नाव मधुकर. मामानं सगळं सांगितलं आणि एक गोष्ट शेवटाला ठेवली.

"अन् तो फुटबॉल खेलते," मामा म्हणाला. "राइट आउट हाय."

बाबांनी भाकरीचा घास तसाच हातात धरला. लेफ्ट बॅकसमोर येतो तो राइट आउटच. "कोणता? तो काडीसारखा? कानावर केस येते त्याच्या?"

"तोच."

"मागच्या साली भेटला होता," बाबा म्हणाले आणि घास खाल्ला. एवढंच.

मधुकर आपल्या आईला घेऊन आला तो रविवारी. मी पोहे केले होते, वर सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि खोबरं. मी खाली मान घालून बसले होते, त्यामुळं मला त्याचं तोंड नीट दिसलं नाही. दिसले ते पाय. पोटरीवर जुने खरचटल्याचे वण होते, आणि अंगठ्याचं नख काळं पडलेलं. बाबांचे पाय जन्मभर पाहिलेल्या मुलीला ते पाय परके वाटले नाहीत. त्याच्या आईनं मला स्वयंपाकाचं विचारलं, शिवणाचं विचारलं. बाबांनी मात्र त्याला एकच विचारलं.

"डाव्या पायानं माराले लागला का अजून?"

तो हसला. "शिकून राह्यलो, काकाजी."

"लवकर शिक. एका पायाचा गडी समजते लोकाईले."

जाताना त्यानं आपली बशी उचलली आणि न्हाणीपाशी नेऊन ठेवली. त्या काळी मुलगी पाहायला आलेला मुलगा असं करत नसे. त्याच्या आईनं डोळे मोठे केले. मला त्या बशीवरून तो आवडला, हे मी कोणाला सांगितलं नाही. बोलणी ठरली. तिथी लीग संपल्यावर काढायची, असं दोन्हीकडच्यांनी मान्य केलं. तोवर कोणालाच फुरसत नव्हती.

मग लीग अशी फिरली की शेवटचा सामना टेसनवाली आणि नदीवाली यांच्यातच आला. आमचा संघ किंचित पुढं होता. बरोबरी झाली तरी ढाल आमची. त्यांना जिंकावंच लागणार होतं. आणि त्यांचा सगळा भर राइट आउटवर होता, कारण त्या हंगामात मधुकरला कोणीच थांबवू शकलं नव्हतं.

गावाला याहून चांगली करमणूक कुठून मिळणार? सासरा आणि जावई समोरासमोर. विहिरीवर बायका मला विचारत, "शांते, तू कोणाकडून वं?" मी बादली भरून निघून येई. बाबांना पानठेल्यावर ऐकू येई, "आता फाटक उघडंच राहीन, घरचीच गाडी हाय." खात्यातली माणसं तर ओठांनीच बोलत, तेही मागांच्या पलीकडून, बाबांना दिसेल असं. बाबा पहिल्यापहिल्यानं हसले. मग हसायचे थांबले. मग जेवताना बोलायचे थांबले.

आमचा गोलकी युसूफभाई कामठीचा होता, बाबांच्याच वयाचा, आणि रविवारी आमच्याकडे भाकरी खायला यायचा. मायच्या हातचं वांग्याचं भरीत त्याला फार आवडे. तो बाबांचा गुडघा पाहून गेला होता. संघात फक्त त्यालाच माहीत होतं. त्यानं भाकरी मोडतामोडता सांगितलं, "गणपतभाई, इस बार बैठ जाओ. मैं बोल देता हूँ, बुखार है."

"अन् लोकं काय म्हणतीन? पोरीसाठी बसला."

"लोग तो खेलोगे तब भी बोलेंगे."

"खेललो तं निदान पाह्यतीन."

माय चुलीपासून उठून आली. ती युसूफभाईसमोर सहसा बोलत नसे. "तो पुढं गेला तं म्हणतीन फाटक इकलं. अन् तुमी त्याले पाडलं, त्याले लागलं, तं? त्याची माय ठेवीन का सोयरीक? दोन्हीकडून माही पोरगीच मरते याच्यात."

बाबांनी तिचे ओठ पूर्ण पाहिले. गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिले. इतकी दमलेली माणसं मी त्यानंतर पुष्कळ पाहिली, पण तेव्हा पहिल्यांदा.

सामन्याच्या दिवशी कामठीच्या गड्यांना सुटी होती, बाबांना पाळी होती. ते सकाळच्या भोंग्याला गेले, आणि पाळी सुटल्यावर घरी येऊन कण्या आणि ताक तेवढं घेतलं. मायनं गुडघ्याला जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट गुंडाळली आणि वर मोजा ओढला, दिसू नये म्हणून. "जास्त घट्ट होते का?" तिनं विचारलं. "आणखी ओढ," बाबा म्हणाले.

आमच्या लाइनीतल्या शेवटच्या खोल्यांमागं मैदान होतं. बायका मैदानावर जात नसत, पण त्या खोल्यांच्या मागच्या ओट्यावर उभं राहून सगळं दिसे, आणि तिथं कोणी हरकत घेत नसे. माय, बेबी आणि मी तिथं उभ्या होतो. दोराच्या पलीकडं माणसंच माणसं. झाडांवर, बैलबंड्यांवर, गिरणीच्या भिंतीवर. पहिल्या हाफात बाबा मैदानाच्या पलीकडच्या अंगाला होते, त्यामुळं मला फक्त त्यांचा आकार दिसत होता, आणि त्यांच्यासमोर तो काडीसारखा आकार.

मधुकर सुरुवातीलाच एकदा गेला. चेंडू आला, त्यानं खांदा एकीकडं झुकवला आणि दुसरीकडून निघाला. बाबा वळले, पण वळायला त्यांना जो वेळ लागला तो आमच्या ओट्यावरूनही दिसला. त्यानं चेंडू मध्ये टाकला आणि त्यांच्या एका गड्यानं डोक्यानं मारला. युसूफभाईनं झेप घेतली, पण हात पोचला नाही. गोल. नदीवाले नाचायला लागले, आणि आमच्या बाजूनं आमच्याच माणसांनी ओरडायला सुरुवात केली. आधी बाबांचं नाव. मग माझं. "शांतेचा हुंडा देऊन राह्यला रे फाटक!" माझं नाव एवढ्या माणसांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मायनं माझा हात धरला. आत जा म्हणाली नाही, फक्त धरून ठेवला.

त्यानंतर बाबांनी चेंडूवर पाय टाकला तो असा की मधुकर आणि ते दोघंही धुळीत पडले. रेफ्रीनं शिटी मारली नाही, कारण पाय चेंडूवरच होता. मधुकर आधी उठला, त्यानं हात पुढं केला. बाबांनी तो घेतला नाही. ते एकटे उठले, आणि उठल्यावर उजवा पाय जमिनीला टेकवला तेव्हा मायनं श्वास आत ओढला. "गेला," ती म्हणाली.

हाफटाइमनंतर बाजू बदलल्या आणि बाबा आमच्या अंगाला आले. आता सगळं जवळून दिसत होतं. मोज्याखाली गुडघा नारळाएवढा झाला होता. ते पाय ओढत होते आणि तोंडावर काही दिसू देत नव्हते. आमच्या संघानं कॉर्नरवरून गोल केला, एक-एक झालं, आणि मैदान भोंग्याहून मोठं ओरडलं. बाबा तेवढ्या वेळात दोराच्या बांबूला धरून उभे होते. आता नदीवाल्यांना एक गोल हवा होता आणि तो कुठून मिळणार हे आंधळ्यालाही समजलं असतं. त्यांचे सगळे गडी चेंडू मधुकरकडंच टाकायला लागले.

चेंडू त्याच्याकडं आला. समोर बाबा, एका पायावर. मागं मोकळं मैदान आणि युसूफभाई. मधुकरनं चेंडूवर पाय ठेवला आणि थांबला. बाबांकडं पाहिलं. मग वळून चेंडू मागं आपल्या हाफबॅकला दिला. लोकांना वाटलं काही डाव असेल. पुन्हा चेंडू आला. पुन्हा तो थांबला, पुन्हा मागं दिला. त्यांचा कॅप्टन धावत आला आणि त्याच्या तोंडासमोर हात नाचवत ओरडला. तिसऱ्यांदा चेंडू आला तेव्हा दोराबाहेरची नदीवाली माणसं गप्प झाली होती. त्या गप्पपणात बाबांचे ओठ हलले. आवाज नव्हता, नुसते ओठ, खात्यात बोलतात तसे.

"काय म्हणते वं?" बेबीनं विचारलं.

"खेल म्हणते त्याले," माय म्हणाली. "खेल, ये."

मधुकरला ओठ वाचता येत असतील का ते मला ठाऊक नाही. घड्यांच्या खात्यात माग नसतात. पण बाबा काय म्हणत होते ते समजायला ती विद्या लागत नव्हती. तो आला नाही. चेंडू मागं दिला, आणि त्यानंतर त्याच्या माणसांनी त्याला चेंडू देणंच सोडलं. शेवटची शिटी झाली. एक-एक. ढाल आमची.

आमच्या लोकांनी बाबांना खांद्यावर घेतलं. त्यांचं तोंड पाहून एकेकानं हळूहळू खाली उतरवलं.

घरी येऊन ते बाजेवर बसले आणि त्यांनी मला बुटाला हात लावू दिला नाही. माय तेल घेऊन आली, तिलाही नाही. संध्याकाळ होती, बाहेर फटाके वाजत होते. "मले भीक घातली त्यानं," ते म्हणाले. पहिल्यांदाच हळू बोलले, इतकं की आम्हाला पुढं वाकून ऐकावं लागलं. "साऱ्या गावासमोर. हे लग्न नाई होत."

पुढचे दिवस घरात भांड्याचासुद्धा आवाज होत नव्हता. बाबांचा पाय वाकत नव्हता. ते पुन्हा मैदानावर गेले नाहीत, त्या हंगामात नाही आणि कधीच नाही. मामा येऊन सांगायचा ते वेगळंच होतं. नदीवाल्या गिरणीत मधुकर खात्यात शिरला की माणसं पाठ फिरवत. कोणी त्याच्याबरोबर डबा खात नव्हतं. सामना इकला म्हणत. साहेबानं काही केलं नाही, कोणी हात लावला नाही; फक्त कोणी बोलत नव्हतं. थोड्या दिवसांनी तो कामावर जायचाच थांबला. "त्याची माय रडून राह्यली," मामा म्हणाला. बाबा भिंतीकडं तोंड करून पडलेले होते.

आणि मग तो स्वतःच आला. दुपारची वेळ, माय डाळ निवडत होती. तो दारात उभा राहिला, आत ये म्हणायला कोणी नव्हतं, तरी चपला काढून आत आला आणि बाबांच्या बाजेसमोर जमिनीवर बसला. मी आतल्या खोलीच्या दाराशी होते. या वेळी मी मान खाली घातली नाही.

बाबांनी भिंतीकडचं तोंड वळवलं. "काऊन नाई आला पुढं?"

"तुमचा पाय दिसून राह्यला होता, काकाजी. मी आलो असतो तं तुमी आडवे आले असते. आले असते ना?"

"आलोच असतो."

"मंग पाय गेला असता तुमचा. कायमचा. एका गोलापायी माणसाचा पाय कोण घेते?"

"पाय माहा होता," बाबा म्हणाले. आवाज पुन्हा त्यांचा नेहमीचा झाला होता. शेजारी ऐकत असतील. "द्याचा का नाई द्याचा, ते मी ठरवलं असतं. तू कोण ठरवणारा?"

मधुकरनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, समजलं नाही. "चुकलंही असंन," तो म्हणाला. "पण पुन्हा तसंच झालं तं पुन्हा थांबीन जी."

मला वाटलं आता बाबा त्याला हाकलतील. त्यांनी मायकडं पाहिलं, माय डाळीकडं पाहत होती. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आमच्या घरात मला काही विचारायची पद्धत नव्हती. माझी सातवीनंतरची शाळासुद्धा कोणी न विचारताच थांबली होती.

"तू सांग वं," ते म्हणाले. "याले आता नोकरी नाई, गावात इज्जत नाई. सांग."

"बाबा, तुमचं खोटं नाई," मी म्हटलं. "त्याईचंही नाई. पण मले जन्मभर कोणाच्या तरी घरी भाकरी कराचीच हाय. जो थांबते त्याच्याच घरी करीन."

बाबा मायवर ओरडले, "पाह्यतं काय? जेवाले वाढ त्याले!"

लग्न उन्हाळ्यात झालं, वाजंत्रीशिवाय, थोड्या माणसांत. युसूफभाई मात्र आला होता, नवा सदरा घालून. मधुकरच्या एका नातेवाइकानं आर्वीला कापसाच्या जिनिंगमध्ये काम पाहून दिलं आणि आम्ही तिकडं गेलो. बाबा पुढं लूमखात्यात उभे राहू शकले नाहीत. त्यांना कापडाच्या गोदामात बसायचं काम मिळालं. आम्ही दिवाळीला गेलो की सासरा-जावई शेजारी पाटावर बसून जेवत, एकमेकांना वाढायला सांगत, आणि फुटबॉल सोडून सगळ्यावर बोलत.

संसाराबद्दल काय लिहू? हे जन्मभर थांबतच राहिले. रांगेत मागच्याला पुढं जाऊ दिलं. जिनिंगमध्ये बढतीची वेळ आली तेव्हा दुसऱ्याच्या घरी जास्त खाणारी तोंडं आहेत म्हणून मागं सरले. भाऊबंदांनी घराची जागा आखली तेव्हा भिंत आमच्या अंगाला सरकू दिली. लोक म्हणत, देवमाणूस. देवमाणसाच्या घरात पाणी कोण भरतं, फाटकं कोण शिवतं, मुलांच्या फीसाठी कोण बोलतं, हे लोकांना दिसत नाही. मी दमून जाई. कधी चिडून म्हणे, "तुमी अजून त्या मैदानातच उभे हा." हे हसत आणि उठून स्वतःचं ताट घासायला जात. चांगल्या माणसाशी भांडताही येत नाही, त्याचा थकवा वेगळा असतो.

बाबा गेले त्याच्या आधी थोडे दिवस मी हिंगणघाटलाच होते. एका सकाळी मी त्यांना पेज पाजत होते, आणि काही विचारलं नसताना ते बोलायला लागले.

"तुह्या नवऱ्याले मी पाडणार होतो."

"कवा?"

"त्या दिवशी. लोकं तुह्यं नाव घेऊन ओरडून राह्यले होते. म्या ठरवलं, आता आला तं घेतो याले. चेंडू नाई. पाय. मोडूनच टाकतो." त्यांना धाप लागली. "म्हणून म्हणलं त्याले, ये. आलाच नाई तो."

मी चमचा वाटीत ठेवला. ते छताकडं पाहत होते. "त्याले दिसलं असंन का वं?" त्यांनी विचारलं. मी पदरानं त्यांचं तोंड पुसलं, तोवर त्यांना डुलकी लागली होती.

तेराव्यानंतर आम्ही एसटीनं आर्वीला परत निघालो. वर्धा मागं पडलं तेव्हा मी ह्यांना ते सगळं सांगितलं. हे खिडकीबाहेर पाहत होते.

"मले माहीत हाय," हे म्हणाले.

"कसं?"

"त्याच्या आदल्या साली त्याईनं आमचा एक गडी असाच घेतला होता. घ्याच्या आधी असंच पाह्यलं होतं. तोंडाकडं नाई, खाली. गुडघ्याकडं."

"मंग बाबाले तसं काऊन नाई सांगितलं? त्याईच्या पायाचं काऊन सांगितलं?"

"काय सांगू? तुमी मले मोडणार होते म्हणून?"

"भेले होते का तुमी?"

"भेलोच. पण पायाले नाई." हे माझ्याकडं न पाहता बोलत होते, आणि एसटीच्या खडखडाटात मला त्यांच्या ओठांकडं पाहावं लागत होतं. "त्याईनं पाडलं असतं तं माह्या मायनं सोयरीक मोडली असती. मले तुह्याशीच लग्न कराचं होतं."

एवढं बोलून ह्यांनी खांद्यावरचा पंचा तोंडावर घेतला आणि झोपून गेले. इतक्या वर्षांत ह्यांनी कोणाजवळ स्वतःसाठी काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं, माझ्याजवळही नाही. कंडक्टर तिकिटं तपासायला आला तेव्हा मीच ती दाखवली, आणि ह्यांना उठवू नका म्हणून त्याला खुणेनं सांगितलं.